विनामूल्य आंतरजाल-साधने व शाळांची पात्रता

प्राथमिक शाळेस लागणारे साहित्य मिळविण्याची रीत पूर्वापार ठरलेली आहे. खडू, फळा, नकाशे, तक्ते यांची मागणी मुख्याध्यापकाने केंद्रप्रमुखामार्फत पंचायत समितीकडे करावयाची, आणि मंजुरी मिळाली म्हणजे आलेली वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवावयाची. देणाराही आपला व घेणाराही आपलाच; त्यामुळे घेणारी शाळा ही खरोखर शाळा आहे किंवा नाही, असा प्रश्न कोणी कधी विचारला नाही. गेल्या काही वर्षांत मात्र अध्यापनाची कित्येक उपयुक्त साधने आंतरजालावरून विनामूल्य मिळू लागली असून, त्यांपैकी काही साधने देणाऱ्या कंपन्या हाच प्रश्न प्रथम विचारतात. साठ-सत्तर वर्षे गावात उभी असलेली, तीन पिढ्यांना अक्षरओळख करून देणारी शाळा देखील या प्रश्नापाशी अडखळते. तिची योग्यता कमी असते असे नाही; उत्तर कोणत्या कागदाने द्यावयाचे हे ठाऊक नसते, एवढेच.

प्रथम एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. सर्वच साधनांस पात्रता सिद्ध करावी लागत नाही. केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. त्यावरील पाठ पाहण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेला चौकोनी संकेत भ्रमणध्वनीने टिपला की त्या पाठाचे साहित्य समोर येते. खान अकादमीचे गणिताचे पाठही असेच सर्वांस खुले आहेत. ज्या शाळेने अद्याप काहीच वापरलेले नाही, तिने आरंभ येथूनच करावा. अर्ज, दाखले व प्रतीक्षा यांच्या खटाटोपात पडण्याची तिला घाई नाही.

दुसऱ्या वर्गात मोडणारी साधने निराळी. गूगलचे ‘वर्कस्पेस फॉर एज्युकेशन’ (हे २००६ साली निराळ्या नावाने सुरू झाले व २०२१ पासून या नावाने चालते), मायक्रोसॉफ्टची शाळांकरिता असलेली ‘ए-१’ योजना, चित्रे व तक्ते तयार करण्याकरिता शिक्षकांस मिळणारे ‘कॅन्व्हा’ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. व्यापारी ग्राहकांकडून जेथे पैसे घेतले जातात तेथे शाळांस ही साधने फुकट मिळतात, आणि म्हणूनच शाळेच्या नावावर दुसराच कोणी ती घेऊ नये अशी दक्षता कंपन्या बाळगतात. दक्षता रास्त आहे. कॅन्व्हाची पडताळणी बहुधा एकेका शिक्षकाची होते व शिक्षक असल्याचा पुरावा दिला म्हणजे काम भागते. गूगल व मायक्रोसॉफ्ट यांची पडताळणी संस्थेची होते, आणि अडचणी येतात त्या येथेच.

इतका खटाटोप करावयाचा तो कशासाठी, असे कोणी विचारील. शिक्षकाचे स्वतःचे खाते आहे, पालकांचे भ्रमणध्वनी आहेत, काम चालले आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी काम असेच चालले, आणि त्या प्रसंगी दुसरा उपायही नव्हता. परंतु त्यातून जे दोष उत्पन्न झाले ते आजतागायत टिकून आहेत. गूगलचे सर्वसाधारण खाते आपल्या देशात १३ वर्षांखालील मुलास स्वतःच्या हिमतीवर उघडता येत नाही. इयत्ता चौथीचे मूल नऊ-दहा वर्षांचे असते. मग काय केले गेले? जन्मवर्ष खोटे लिहिले गेले. दाखल-खारीज नोंदवहीत ज्या शिक्षकाने मुलाची जन्मतारीख अंकी व अक्षरी काळजीपूर्वक लिहिली, त्याच शिक्षकाच्या देखत त्या मुलाने पडद्यावर ती खोटी लिहिली. त्या खोट्या तारखेचा दुसरा परिणाम असा, की ते मूल प्रौढ आहे असे समजून त्यास प्रौढांचे साहित्य व जाहिराती दाखविल्या जाऊ लागतात. शाळेच्या अधिकृत खात्यात मुलास खाते शाळा देते, वयाची जबाबदारी शाळा घेते, जाहिराती येत नाहीत, आणि मूल कोणाशी संपर्क साधू शकेल हे शाळेस ठरविता येते. पात्रता मिळविण्याचा मुख्य लाभ हाच आहे; साठवणुकीची जागा व इतर सुखसोयी त्यामागून येतात.

आता पात्रतेचा विचार. कंपनीची अट थोडक्यात अशी असते, की अर्जदार संस्था शासनमान्य असावी व तीत औपचारिक शिक्षण दिले जात असावे. खासगी शिकवणी वर्ग या अटीत बसत नाहीत. खासगी प्राथमिक शाळांपाशी या अटीचे उत्तर तयार असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला व त्याच्या कलम १८ अन्वये प्रत्येक खासगी शाळेस मान्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते प्रमाणपत्र जोडले की झाले.

जिल्हा परिषदेच्या शाळेची स्थिती येथे मोठी चमत्कारिक होते. त्याच कलम १८ मधून शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या शाळा वगळलेल्या आहेत. ज्या शासनाने मान्यता द्यावयाची त्याच्याच शाळेस निराळ्या मान्यतेची गरज नाही, हे तर्कास धरूनच आहे. परंतु परदेशी कंपनीचा परीक्षक ‘मान्यतेचे प्रमाणपत्र पाठवा’ असे लिहितो, तेव्हा मुख्याध्यापक कपाट उलथेपालथे करतो व तसा कागद सापडत नाही म्हणून अर्ज सोडून देतो. असा कागद असावयाचाच नाही, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. अशा वेळी गटशिक्षणाधिकाऱ्यांचे एक पत्र घ्यावे. त्यात सदरहू शाळा जिल्हा परिषदेने स्थापन केलेली व चालविलेली आहे, तीत अमुक ते अमुक इयत्तांचे वर्ग भरतात, तिचा यू-डायस क्रमांक अमुक आहे, आणि अशा शाळांस कलम १८ चे प्रमाणपत्र लागू नाही, एवढे चार मुद्दे असावेत. पत्र कार्यालयाच्या नाममुद्रित कागदावर, जावक क्रमांक व दिनांकासह असावे. कंपनीचा परीक्षक मराठी जाणत असेलच असे नाही, तेव्हा त्याच मजकुराची इंग्रजी प्रत सोबत द्यावी.

यू-डायस क्रमांकाचे महत्त्व येथे विशेष आहे. हा ११ अंकी क्रमांक म्हणजे शाळेचा पत्ताच होय. पहिले दोन अंक राज्याचे, पुढील दोन जिल्ह्याचे, नंतरचे दोन तालुक्याचे, त्यापुढील तीन गावाचे व शेवटचे दोन त्या गावातील शाळेचे. महाराष्ट्राचा अंक २७ असून अकोला जिल्ह्यास ०५ व अमरावती जिल्ह्यास ०७ हा अंक आहे. म्हणजे आपल्याकडील क्रमांक २७०५ किंवा २७०७ ने सुरू व्हावयास पाहिजे. हा क्रमांक घालून कोणीही शासनाच्या संकेतस्थळावर शाळेची माहिती पाहू शकतो. शासनाने स्वतः प्रसिद्ध केलेली नोंद असल्यामुळे तिचे वजन मुख्याध्यापकाने स्वतःच्या सहीने दिलेल्या दाखल्यापेक्षा अधिक असते.

परंतु त्या नोंदीतील नाव व अर्जातील नाव जुळले पाहिजे, आणि अर्ज अडकतात ते बहुधा याच ठिकाणी. वऱ्हाडात शाळांच्या नावांची विविधता थोडी नाही. एकाच इमारतीच्या फलकावर ‘जिल्हा परिषद पूर्व माध्यमिक शाळा’, शिक्क्यावर ‘वरिष्ठ प्राथमिक शाळा’ व यू-डायसमध्ये इंग्रजी आद्याक्षरांचे तिसरेच रूप असते. गावाच्या नावाचे रोमन लेखन हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. अचलपूरला जुन्या सरकारी कागदांत एलिचपूर म्हटलेले आढळते, अमरावतीचे जुने रोमन लेखनही आजच्याहून निराळे. त्यातच अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार व चांदूर रेल्वे असे दोन तालुके. अर्जात नुसते ‘चांदूर’ लिहिले तर नोंद शोधणाऱ्याने कोणत्या गावी जावे? तेव्हा नियम एकच पाळावा. यू-डायसमध्ये नाव ज्या अक्षरांनी लिहिले आहे त्याच अक्षरांनी ते अर्जात, पत्रात व शाळेच्या संकेतस्थळावर लिहावे. यू-डायसमधील नावच चुकले असेल तर आधी ते गटसाधन केंद्रातून दुरुस्त करून घ्यावे व मग अर्ज करावा. घाईने आधी अर्ज व मागून दुरुस्ती केली, तर परीक्षकापुढे दोन नावांच्या दोन शाळा उभ्या राहतात.

संस्थाचालित शाळांनी आणखी एक चूक टाळावी. गूगलची धर्मादाय संस्थांकरिता एक निराळी योजना आहे. पुष्कळ शाळा चालविणारे मंडळ हे नोंदणीकृत न्यास असते, त्यामुळे मंडळाचे कार्यवाह धर्मादाय आयुक्तांचे नोंदणीपत्र घेऊन त्या योजनेकडे जातात. ती योजना शाळांकरिता नाही. शाळा व महाविद्यालये तीतून वगळलेलीच आहेत व त्यांस शिक्षण-योजनेकडे जाण्यास सांगितले जाते. न्यासाचे नोंदणीपत्र न्यास अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध करते. शाळा मान्यताप्राप्त आहे हे त्याने सिद्ध होत नाही.

यानंतर डोमेनचा विषय येतो. शाळेचे स्वतःचे डोमेन, म्हणजे आंतरजालावरील स्वतःचे नाव, असल्यावाचून गूगलचा अर्ज पुढे सरकत नाही. शेतकऱ्याच्या मुलांस शिकविणाऱ्या शिक्षकास हे समजण्यास कठीण जाऊ नये. डोमेन ही जागा आहे व तिची नोंदणी हा तिचा सात-बारा. कंपनी एक लांबलचक अक्षरांची खूण देते व ती डोमेनच्या नोंदीत लावून दाखवा असे सांगते. ज्याची जागा त्यालाच तीत खुंटी रोवता येते. खूण दिसली की मालकी सिद्ध झाली. शिक्षणसंस्थांकरिता राखून ठेवलेल्या ‘एसी.इन’ व ‘एड्यू.इन’ या नावांची नोंदणी भारत सरकारच्या अखत्यारीतील ‘अर्नेट इंडिया’ ही संस्थाच करते व नोंदणीपूर्वी कागद तपासते. म्हणून असे नाव ज्या शाळेपाशी आहे तिच्यावर परीक्षकाचा विश्वास लवकर बसतो. ‘गव्ह.इन’ हे नाव शासकीय कार्यालयांकरिता आहे.

डोमेनला दरवर्षी किंवा ठराविक वर्षांनी शुल्क भरावे लागते, ही गोष्ट ‘विनामूल्य’ या शब्दाच्या झगमगाटात विसरली जाते. शुल्काची रक्कम मोठी नसते. परंतु ती भरावयाची राहिली म्हणजे नाव मोकळे होते, दुसरा कोणीही ते विकत घेऊ शकतो, आणि शाळेचा सर्व पत्रव्यवहार त्याच्या दारी जाऊ लागतो. सादिल खर्चातून अथवा शाळा अनुदानातून ही रक्कम भागविण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने आधीच करून ठेवावा व मुदत संपण्याचा दिनांक कार्यालयातील भिंतीवर लावावा.

दोनशिक्षकी शाळेने हे सर्व स्वतंत्रपणे करावे काय? स्पष्टच सांगावयाचे तर, करू नये. भातकुली किंवा बार्शीटाकळी तालुक्यातील तीस-चाळीस पटाच्या शाळेने स्वतःचे डोमेन घेणे, त्याची पडताळणी करणे, खाती सांभाळणे व त्यासाठी एका शिक्षकाचा वेळ खर्ची घालणे हे विहिरीतून घागरभर पाणी काढण्यासाठी मोट बांधण्यासारखे आहे. एकाच संस्थेच्या नावे एक अर्ज करून तिच्याखाली अनेक शाळांचे विभाग पाडता येतात, व प्रत्येक विभागाचे नियम वेगळे ठेवता येतात. याच तत्त्वावर ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने गूगलच्या सहकार्याने राज्यातील शाळांकरिता ही साधने खुली केली होती. ज्या शाळेस त्या वेळी राज्याकडून खाती मिळाली होती तिने नवा अर्ज करण्यापूर्वी ती खाती चालू आहेत काय, हे गटसाधन केंद्रातील विषय साधनव्यक्तींकडून जाणून घ्यावे. नसतील, तर तालुका किंवा जिल्हा हा घटक धरून एकत्र अर्ज करणे हेच शहाणपणाचे. मोठ्या पटाच्या संस्थाचालित शाळांनी मात्र स्वतंत्र अर्ज करण्यास हरकत नाही.

अर्जापूर्वी डोमेनवर शाळेचे निदान एक पान तरी असले पाहिजे. परीक्षक प्रथम तेथेच जातो. ‘काम चालू आहे’ एवढीच पाटी तेथे लटकत असेल तर त्याने काय समजावे? पानावर शाळेचे पूर्ण नाव, यू-डायस क्रमांक, स्थापनेचे वर्ष, इयत्ता, माध्यम, पूर्ण पत्ता, मुख्याध्यापकांचे नाव, आणि व्यवस्थापन कोणाचे, हे मराठी व इंग्रजीत असावे. समारंभातील पाहुण्यांची छायाचित्रे नसली तरी चालेल. मुलांची छायाचित्रे नावासह देऊ नयेत. पुरावा म्हणून दाखल-खारीज नोंदवहीची पाने किंवा मुलांचे आधार क्रमांक कोठेही चढवू नयेत. ते शाळेची पात्रता ठरविण्यास लागत नाहीत, आणि एकदा बाहेर गेलेला कागद परत येत नाही.

निर्णय येण्यास कित्येक दिवस लागतात. तेवढ्यात उत्तर नाही म्हणून दुसरा अर्ज, मग तिसरा अर्ज असे करू नये. अर्ज नामंजूर झाला तरी त्यात शाळेची मानहानी मानण्याचे कारण नाही. कोणता कागद अपुरा पडला हे विचारून तोच अर्ज पुन्हा तपासावयास सांगता येतो. ज्या ई-मेलवरून अर्ज केला त्याची पेटी रोज पाहावी, कारण परीक्षकाचे प्रश्न तेथेच येतात व उत्तर न आल्यास प्रकरण बंद होते. विदर्भातील शाळा कडक उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्राहून काही दिवस उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. हे काम एप्रिलमध्येच आटोपले तर नव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात खाती हाती असतात. (अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोलीत ठेवलेल्या टॅबची बॅटरी उष्णतेने खराब होण्याचा किंवा फुगण्याचा संभव असतो, हेही जाता जाता सांगावयास पाहिजे. सुट्टीत ती यंत्रे हवेशीर व थंड जागी हलवावीत.)

मंजुरी मिळाल्यावर खरी जबाबदारी सुरू होते. सर्वाधिकार असलेला प्रशासक एकच असू नये; मुख्याध्यापक व आणखी एक शिक्षक असे दोघे असावेत, आणि दोघांनीही दुहेरी पडताळणी लावून घ्यावी. परवलीचा शब्द कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. जिल्हांतर्गत बदल्यांच्या काळात असे अनेकदा घडते, की खाते उघडणारा उत्साही शिक्षक दुसऱ्या तालुक्यात जातो, खाते त्याच्या वैयक्तिक भ्रमणध्वनीशी जोडलेले राहते, व नवा शिक्षक चार महिने दाराबाहेर उभा राहतो. यास्तव कार्यभार यादीत कपाटाच्या किल्ल्यांखालीच प्रशासक-खाते, डोमेनची मुदत व पुनर्प्राप्तीचा क्रमांक यांची नोंद घ्यावी आणि हस्तांतर झाल्याच्या दिवशीच नवा परवलीचा शब्द ठेवावा.

गूगलने २०२१ पासून शाळांस आपल्या वापरकर्त्यांपैकी १८ वर्षांवरील कोण व खालील कोण हे ठरवून देण्यास सांगितले आहे. प्राथमिक शाळेत याचे उत्तर सोपे आहे. सर्व मुले एका विभागात व शिक्षक दुसऱ्या विभागात ठेवावेत, आणि मुलांच्या विभागास बाहेरील ई-मेल बंद करावा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संसदेने २०२३ साली संमत केला असून त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. तो १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो व तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळण्याजोगी संमती मागतो. संमतीपत्र पालकास समजेल अशा भाषेत असावे. बाळापूर किंवा अचलपूरच्या उर्दू शाळेत ते उर्दूत असले पाहिजे. मेळघाटात ते वाचून दाखवून, कोरकू जाणणाऱ्या व्यक्तीकडून समजावून, मगच अंगठा घ्यावा. नुसता अंगठा म्हणजे संमती नव्हे.

मेळघाटाचा उल्लेख आला आहे तेव्हा हरिसालची आठवण होणे साहजिक आहे. धारणी तालुक्यातील या गावी २०१५-१६ च्या सुमारास राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून डिजिटल गावाचा प्रयोग आरंभिला. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांमध्ये मोकळ्या राहणाऱ्या लहरींवरून डोंगराळ भागात आंतरजाल पोचविण्याची कल्पना त्यात होती व गावाचे नाव देशभर झाले. पुढे २०१९ मध्ये तेथील सोयी प्रत्यक्षात कितपत चालतात यावर जाहीर वादही झाला. त्या वादात न शिरताही एक गोष्ट मान्य करावी लागते, की जोडणी टिकली तरच तीवर उभी केलेली शाळेची व्यवस्था टिकते. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील ज्या शाळांत संकेत येतो व जातो, तेथे पात्रतेच्या अर्जात शक्ती खर्च करण्यापेक्षा दीक्षावरील पाठ केंद्राच्या ठिकाणी आधी उतरवून नेणे, किंवा ‘कोलिब्री’सारखे आंतरजालावाचून एका लहान यंत्रावरून खोलीभर चालणारे विनामूल्य साधन बसविणे अधिक हिताचे ठरेल. कोलिब्रीस पात्रतेची अट नाही, डोमेन लागत नाही, आणि वीज गेली तर टॅबची बॅटरी संपेपर्यंत तरी वर्ग चालतो, मात्र ते लहान यंत्र बॅटरीवर जोडलेले असले पाहिजे.

सपाटीवरील शाळांपैकी ज्या एकत्रित अर्जात सामील होऊ इच्छितात त्यांनी केंद्रप्रमुखांकडे तीन कागद द्यावेत : यू-डायसमधील नोंदीची छापील प्रत, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत, आणि प्रशासक म्हणून काम पाहण्यास तयार असलेल्या दोन शिक्षकांची नावे. गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र तालुक्यातील सर्व शाळांकरिता, यादी जोडून, एकच काढता येते.